खबर कुणाची

आपल्या आजाराची माहिती आपल्याला विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही, असा म्हणे आता कायदा आहे. नव्वदच्या दशकात लिंबायतच्या कामगार वस्तीत आमच्यासाठी कायदा नव्हता, एक डॉक्टरीणबाई होत्या.

आमच्या खोलीत सगळे खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवरचे कामगार. दिवसा माझ्या गादीवर रातपाळी करणारे माझे काका झोपायचे, रात्री मी. कुणी आजारी पडला की अख्खी खोली त्याच्यामागे दवाखान्यात घुसायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते पुढच्या गाडीने गावी पोचायचं. त्यात गैर काय, असंच मलाही वाटे. माझा खोकला हटेना तोवर.

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. काका अडून बसले, "हम काका हैं, हमको बताओ."

"बीमारी इसकी है, खबर भी इसकी. चाहेगा तो यही बताएगा."

काका पाय आपटत बाहेर गेले. मला टीबी निघाला होता. गावी बहिणीची नुकतीच सुपारी फुटलेली. हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. मी हात जोडले.

"मैं किसी को नहीं बोलूँगी," बाई म्हणाल्या. "पर जो तेरे साथ रहते हैं, उनको तू बोलेगा. उनकी भी जाँच होनी चाहिए."

मला रागच आला. झाकायला मदत मागावी, तर बाईंनी ओझं माझ्याच डोक्यावर दिलं! पण माझं काहीतरी माझ्यावर सोपवणारं तोवर कुणी भेटलंच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं आणि गावी कळवू नका म्हणून विनवलं. काकांच्या पोटात काही राहत नसे, धास्ती त्यांचीच होती. पण गावी चकार शब्द गेला नाही. बहिणीचं लग्न थाटात झालं. त्या खोलीचे उपकार मी विसरणार नाही.

सगळ्यात जास्त आठवतो तो काकांच्या तपासणीचा दिवस. सवयीने मीही आत शिरलो, तर बाईंनी मला बाहेर बसवलं. काका बाहेर आले, चालू लागले. मी विचारलं नाही. चहाच्या लारीपाशी तेच थांबले.

"माले बी तेच शे," ते म्हणाले. "तू सांगं म्हनीसन मी उनू. बाई म्हने, येळवर उनात."

मी सांगितलं म्हणून ते आले होते, आणि वेळेवर आले होते. भर रस्त्यात मला रडू कोसळलं. काकांनी दोन चहा सांगितले.