डालग्यावरची सावली

परभणीत नातीच्या गच्चीवर बँटम कोंबड्यांचा पिंजरा आहे. परवा दुपारी तिथे तापलेल्या पिसांचा वास आला आणि मी झरीच्या आमच्या अंगणात पोचलो.

बायकोने तिथे अशाच ठेंगण्या कोंबड्या वाढवल्या होत्या. त्यांतली एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून बांबूच्या डालग्याखाली झाकली होती, वर दगड ठेवून. माहेरी जाताना बायको म्हणाली, "सावली सरकली की डालगं सरकवा. इसरू नका."

मी पारावर पत्ते खेळत बसलो. परतलो तेव्हा डालगं भर उन्हात होतं. कोंबडी चोच उघडी टाकून मेली होती, अंडी हाताला चटका देत होती. सगळं उकिरड्यात पुरलं आणि संध्याकाळी बायकोला सांगितलं, "शेजारच्या मोत्यानं कोंबडी नेली, अंडीबी खाल्ली." ती तडक त्या कुत्र्याच्या मालकिणीच्या, गयाबाईच्या दारात गेली. मीही मागोमाग गेलो.

"मोत्या दिसभर बांधेल होता," गयाबाई म्हणाली. "भावजी, तुमीच सांगा."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मागे सरायला जागा नव्हती. मी म्हणालो, "डोळ्यानं पाहिलं म्या."

गयाबाईने कुत्रा पालमला भावाकडे पाठवला. दोन्ही घरांचं बोलणं कायमचं तुटलं. तेव्हा वाटलं होतं, एका कोंबडीची तर गोष्ट.

परवा बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग?"

गयाबाईला जाऊन चार वर्षं झाली. म्हणून तिच्या लेकीसाठी हे लिहितोय. तुझी आई खरं बोलत होती.