चार सेलांचा बल्ब, सहा सेल

नागपूर स्टेशनवर उतरलो तर मावसभाऊ सुधीर भर उन्हात हातभर लांब टॉर्च घेऊन उभा. आजूबाजूचे लोक वळून वळून बघत होते, आणि गडी खुशीत होता.

मावशीची नजर चालली होती. जे दिसतंय ते आता काही महिन्यांचं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिची इच्छा एकच. लग्नानंतर सासूने सावनेरच्या बाजूच्या टेकडीवर नेलं होतं, तिथल्या गुहेतली देवी पुन्हा एकदा नीट पाहायची. गुहेत वीज नाही. एलईडीच्या निळसर उजेडात मावशीला नुसतं धुकं दिसतं. तिला जुना पिवळा बल्बच लागतो, तोही झगझगीत. तिला हाताला धरून टेकडी चढवायला मी पुण्याहून आलो होतो.

सुधीरचं टॉर्चदुरुस्तीचं दुकान नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात आहे. त्याने सहा नवे सेल भरले आणि बल्ब बसवला चार सेलांचा.

"अरे, त्याच्यावर चार लिहिलंय," मी म्हणालो.

"कंपनीच्या हिशेबानं चाललं तं उजेड कंपनीएवढाच भेटते. बल्बचं आयुष्य कमी होते, पण आपल्याले काय त्याचं लग्न लावाचं आहे?"

बटण दाबताच समोरची भिंत पांढरीफटक झाली आणि लगेच फट्! बल्ब गेला. जोर कमी करायला त्याने नव्या सेलांत दोन जुने मिसळले. जुना सेल तापतो, फुटतो, असं मी म्हणेपर्यंत टॉर्च चटका बसण्याइतकी गरम झाली होती आणि दुसरा बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. ते सेल त्याने घाईघाईने काढले. ह्या गडबडीत तो बल्बही खाली पडून फुटला. तसले बल्ब आता बनत नाहीत, एकच उरला. चार सेलांचा उजेड मावशीला पुरत नव्हता, म्हणून तो सहा नव्या सेलांवरच लावायचा आणि क्षणभर टिकला तरी थेट गुहेतच पेटवायचा, असं ठरलं.

वाटेत तर्रीपोहे (वर तिखट लाल रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. वर मूठभर सांभार (कोथिंबीर) होता. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते मावशीला आवाजावरून कळलं आणि ती पोटभर हसली. पुढे खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागली.

"इतकी वीज इथं होऊन राहिली, अन् आपण सहा सेल घेऊन चाललो," मावशी म्हणाली.

टेकडी लहान, पण पायऱ्या उंच. मावशी दर वळणावर टेकत होती. गुहेत समईचा मिणमिणता उजेड होता. देवीच्या जागी मलाही काळोखच दिसत होता. सुधीरने टॉर्च देवीच्या दिशेला रोखली.

"माय, लावू का?"

"लाव."

गुहा लख्ख उजळली. मी चटकन मावशीकडे पाहिलं. तिने हात जोडले होते आणि डोळे घट्ट मिटले होते. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत फट् झालं.

"दिसली का वं माय?"

"दिसली रे बाबा. पूरी दिसली."

सुधीर लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून गाडी आणायला पुढे उतरला. मला मात्र मावशीसाठी फार वाईट वाटत होतं.

"तुले समजलं ना?" माझा हात धरून पायऱ्या उतरताना ती हळूच म्हणाली.

"हो."

"देवापुढं उभं राहिलं का हात जुळतात अन् डोळे मिटतात गा. जन्माची सवय. सुध्याले नको सांगू. तू तं पाहिली असशील, कशी होती?"

"मावशी, मी देवीकडे पाहिलंच नाही. तुला दिसतेय का, हेच बघत होतो."

ती मधल्याच पायरीवर थांबली आणि मग खुदकन हसली. "मंग मी कशी दिसून राहिली होती, ते तरी सांग."

मी सांगितलं. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलं होतं, पदर खांद्यावर घसरला होता, आणि ओठ नव्या नवरीसारखे मिटून हसत होते. ती खाली पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

परतीच्या गाडीत मला कळलं, की जन्मभर ओळखीच्या ह्या बाईचा चेहरा मी आज पहिल्यांदाच नीट पाहिला होता.