कारणाचा रकाना

माझी मामी बस डेपोत ड्युट्या लावायची. कोणी कोणती गाडी न्यायची ते फळ्यावर तिच्या अक्षरात असायचं. कुणाची गाडी काढून घेतली की साहेब त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहायला लावत, 'प्रशासकीय'. एका ड्रायव्हरला पाठीच्या दुखण्यामुळे ऑफिसात बसवलं, तर डेपोभर बोभाटा, की यानं डिझेल विकलं! तेव्हापासून मामी हात धुऊन साहेबांच्या मागे लागली. निर्णय कळवता ना, मग कारणही लिहा, आणि तक्रार कुणाची तेही लिहा.

साहेब म्हणजे मिटिंगला दाराची कडी लावून बसणारा माणूस. पण मामीच्या तोंडी कोण लागणार? शेवटी वैतागून त्यांनी फळ्यावर दोन रकाने वाढवून दिले. त्या दिवशी मामी नुसती मिरवत होती.

आणि पहिलीच पाळी आली मामाची. मामा घाटातली बस चालवायचा, त्या गाडीवर त्याचा भारी जीव. मोतीबिंदू वाढत चालला होता, भर दुपारी तो घरच्या पायरीला ठेचकाळायचा. विषय काढला की खेकसायचा, "मला काही झालेलं नाही!" शेवटी मामीनंच साहेबांच्या कानावर घातलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. "वहिनी, यांच्यापुढे 'प्रशासकीय'च लिहा. त्यांची अब्रू राहील, तुमचं नावही येणार नाही." मी शेजारच्याच टेबलावर कारकून होतो. मामीनं हो म्हणावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. चारचौघांत मामाची शोभा झालेली मला बघवली नसती.

मामी खडू घेऊन उठली.

मामा आला तेव्हा चहा पीत बसलेले ड्रायव्हर फळ्यासमोरून बाजूला सरकले. त्यानं डोळे बारीक केले, दोन पावलं पुढे सरकला, मान तिरकी करून पाहिलं.

"अगं, माझ्यापुढे काय लिहिलंयस?"

मामीनं वाचून दाखवलं. "घाटाची गाडी नाही. कारण, मोतीबिंदू. ऑपरेशन झालं की गाडी परत."

"आणि त्याच्यापुढे पांढरं दिसतंय ते?"

"तक्रार, बायकोची."

मला तर पळून जावंसं वाटलं. मामा फळ्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"अक्षर जरा मोठं काढायचंस की," तो म्हणाला.