संध्याची बिननावाची कुंडी

वसमत डेपोतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले शेषराव म्हणजे घरात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा कधी भरून न घेतलेला माणूस. तेच शेषराव आता रोज सकाळी गच्चीवर उकिडवे बसून कुंड्यांना वाटीवाटीनं पावसाचं पाणी घालायचे. बोअरचं पाणी या झाडांना चालत नाही, म्हणून लेकीनं पत्र्याखाली ड्रम लावून ठेवला होता.

झाडंही लेकीचीच. संध्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली आणि कुठनं कुठनं किडे खाणारी झाडं मागवून तिनं गच्ची भरून टाकली. गल्लीतले लोक विचारायचे, "शेषराव, रविवारी झाडाला मटण घालता का काय?" शेषरावही काही कमी नव्हते. म्हणायचे, "त्याला घालून उरलं तर आमी खातो." पोरीचं कौतुक त्यांना पोटभर होतं, पण तिच्या तोंडावर म्हणून कधी बोलले नाहीत. आता ते राहूनच गेलं, आणि तेच त्यांना आतून खात होतं.

संध्या ऑक्टोबरात गेली. तापाचं निमित्त झालं आणि हसतीखेळती पोर बघता बघता हातची गेली. तिची आई कमलबाई तेव्हापासून घरात असून नसल्यासारखी. स्वयंपाक करायची, भांडी घासायची, पण बोलणं म्हणाल तर एकच. शेषराव गच्चीवरून खाली आले की विचारायची, "त्या बारक्याचं कसं हाये?"

बारकं म्हणजे एक बिननावाची कुंडी. बाकी प्रत्येक कुंडीत संध्यानं आइस्क्रीमच्या चमच्यावर नाव लिहून खोचलेलं होतं. हे रोप तिनं आजारी पडायच्या जरा आधी आणलं, सिद्धेश्वर धरणाकडून येताना कुठल्याशा ओल्या माळावर गाडी थांबवून. रुपयाएवढं, मातीला चिकटून पसरलेलं, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदूच्या जातीतलं आहे एवढं तिनं सांगितलं होतं. "कोणता दवबिंदू ते सरांना विचारून लिहिते, बाबा," म्हणाली आणि अंथरुणाला लागली. तिच्या हातचं हे शेवटचं. याचं नाव कळलं तर याला काय हवं काय नको ते कळेल, आणि हे जगेल, एवढाच ध्यास शेषरावांनी घेतला.

नोव्हेंबरात रोपातून एक बारीक दांडा वर आला, टोकाला कळ्या. शेषरावांना बरोबर आठवलं. माश्या पकडणाऱ्या झाडाला असा दांडा आला की संध्या तो कात्रीनं कापायची. "फुलायला लागलं की झाड थकतं, बाबा. कधी कधी मरतं." शेषरावांनी तिचीच कात्री आणली आणि दांडा बुडातून कापला. दुसरा आला, तोही कापला. एक कळी म्हणून उमलू दिली नाही. इतक्या निगुतीनं तर त्यांनी पोरीची वेणीसुद्धा कधी घातली नव्हती.

तरी जानेवारीत पानं करपायला लागली. शेषरावांचं धाबं दणाणलं. ते थेट संध्याच्या विश्वंभर सरांकडे गेले आणि त्यांना घेऊनच आले. कमलबाई खाली चहा करत होती. सरांनी गच्चीवर भिंग लावून रोप बघितलं, मग कुंडीत पडलेला एक वाळका दांडा उचलून न्याहाळला.

"देठावर अजिबात लव नाही. काका, कळी पांढरी होती का गुलाबी?"

"पांढरी."

"मग बर्मानी. ड्रोसेरा बर्मानी. आपल्याच माळरानावरचा आहे हा."

शेषरावांचा जीव भांड्यात पडला. "मग जगंल न आता? काय घालू त्याला?"

"नाही हो, काका. हे एका हंगामाचं रोप. फुलतं, बी टाकतं आणि वाळून जातं. पुढच्या पावसात त्या बियांतून नवी रोपं येतात. फूल तेवढं राहू द्यायचं असतं, हे दांडे कुणी..." सरांनी शेषरावांकडे बघितलं.

"मीच कापले, सर. समदे."

सरांनी वाळका दांडा परत कुंडीत ठेवला आणि म्हणाले, "पावसाळ्यात माळावर शोधू आपण. ही जात मिळेल."

"जात मिळंल, सर. पण तिनं आणलेलं हेच व्हतं."

सर चहा घेऊन गेले. कमलबाईनं कप विसळता विसळता विचारलं, "कळलं का नाव?"

शेषरावांनी नाव सांगितलं. तिनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. "आन जगंल का?"

"ह्ये रोप जाईल. त्याची तशीच रीत हाये. बी पडतंय, आन पुढल्या पावसात परत उगवतंय." इथवर खरं होतं.

कमलबाईचा हात थांबला. संध्या गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं. "मंग आपल्या कुंडीत पडलं असंल न बी?"

या बाईला आता काय सांगायचं?

"व्हय," ते म्हणाले. "लई पडलंय."

कमलबाईनं कप तसेच ठेवले, पदर खोचला आणि कित्येक दिवसांनी गच्चीचा जिना चढली. शेषराव मागोमाग गेले. तिनं कुंडी दोन्ही हातांनी उचलून सावलीला ठेवली, भोवती चार विटा लावल्या.

"पाऊस येईस्तोवर हिला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "तुमीबी न्हाई."

"न्हाई लावत," शेषराव म्हणाले.