मोहाखालचं काळं

अमरावतीत आमच्या गल्लीत कोणी पालापाचोळा पेटवला की मला चिखलदऱ्याच्या उतारावरचं ते मोहाचं झाड आठवतं. सकाळी सकाळी मी त्याचं चित्र काढत बसलो होतो आणि बुडाखालची जळकी जमीन डोळ्यांना खुपली म्हणून तिथे हिरवंगार गवत रंगवलं होतं. मोहफुलं वेचणारी एक बाई टोपली घेऊन मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, गवत काहून घातलं? आमी पाला जाळला, तवा कुठी खाली पडलेलं फूल दिसून राहिलं." माझ्याजवळ काळा रंगच नव्हता, निसर्गचित्रात काळा वापरू नये, असं मी शिकलो होतो. तिनं खालचा कोळसा उचलून माझ्या हातावर ठेवला. मी तो गवतावर घासला. ते चित्र आज भिंतीवर आहे. माझे रंग सगळे विटलेत. तिचं काळं तेवढं तसंच आहे.