मिलीमीटरबाई आणि उलटा रिले

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे मिलीमीटरबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "मीटरबाई म्हणाला असतात तर लागलं असतं," असं त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या.

त्यांचं काम सर्किट बोर्ड आखण्याचं. हिरव्या पाटीवर कुठला भाग कुठे बसेल, त्याच्या पायांसाठी भोकं कुठे पडतील, हे सगळं त्या संगणकावर काढायच्या. मी भिंतीपलीकडे चाचणीच्या टेबलावर. त्यांनी आखलेला बोर्ड तयार होऊन आला की तो चालतो का ते मी बघायचो. एकोणीस वर्षं आमचं असं चाललं होतं, आणि त्यात त्यांची चूक मला दोनदा सापडली. दोन्ही वेळा त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

नवा भाग आला की बाई तो आधी हातात घ्यायच्या. कॅलिपरने त्याचा पाय न् पाय मोजायच्या, मग संगणकात त्याचा ठसा, म्हणजे पायांच्या भोकांचं चित्र, काढायच्या, तो कागदावर खऱ्या मापात छापायच्या आणि भाग त्यावर ठेवून बघायच्या. बसला तर ठसा पक्का. असे दोन हजारांवर ठसे त्यांनी जमवले होते. अशा संग्रहाला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. ती कुठे ठेवली आहे याचा पत्ता सॉफ्टवेअरला द्यावा लागतो. पत्ते एकापेक्षा जास्त असले तर सॉफ्टवेअर यादीत वरून शोधत येतं आणि हव्या त्या नावाचा भाग जिथे पहिल्यांदा सापडेल तिथलाच उचलतं. पुढे ढुंकूनही बघत नाही.

मग कारखाना विकला गेला. नवे मालक दुसऱ्या शहरातले. त्यांचं मुख्य कार्यालय तिथे आणि त्यांची स्वतःची लायब्ररीही तिथेच. एका सोमवारी बाईंनी संगणक उघडला तर पत्त्यांच्या यादीत मुख्य कार्यालय वर आणि त्यांची लायब्ररी खाली. यादीतली ओळ वर सरकवायचा बाण होता, पण करडा पडलेला. दाबला तरी हूं की चूं नाही.

त्या वेळी बाई औषधांच्या फ्रिजचा बोर्ड आखत होत्या. दवाखान्यात लशी ठेवतात ना, त्या फ्रिजवर लावायचं, इशारा देणारं भोंग्याचं यंत्र. त्यात एक रिले होता. रिले म्हणजे विजेने ओढलं जाणारं छोटंसं बटण. बाईंच्या आखणीत वीज असेपर्यंत आणि फ्रिज थंड असेपर्यंत रिले ओढलेला राहायचा आणि भोंगा गप्प असायचा. फ्रिज तापला, वायर तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी रिले सुटायचा आणि स्वतःच्या बॅटरीवरचा भोंगा बोंब ठोकायचा.

त्याच नावाचा रिले वरच्या लायब्ररीतही होता. तो ठसा काढणाऱ्याने चित्र खालच्या बाजूने बघून काढलं होतं, म्हणजे आरशातल्यासारखं. भाग बसायचा अगदी झोकात, फक्त दोन पायांची अदलाबदल व्हायची. बाईंनी कागद छापला, रिले ठेवला, पायांचे क्रमांक ताडून पाहिले आणि तसाच कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"बघा. बसतोय. बसायला नको होता असं वाटतंय मला."

त्यांनी माझ्यासमोरच मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता.

"मॅडम, क्रम बदलायचे अधिकार तुम्हाला नाहीत."

"मग तुम्ही बदला."

"मलाही नाहीत. तुम्ही तिकीट टाका."

तिकीट म्हणजे संगणकावर नोंदवायची तक्रार. बाईंनी तीन टाकली. दोनांना उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आलं, 'यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालू आहे, तक्रार बंद.' शेवटी त्यांनी त्या एका बोर्डावर रिलेचे पाय हाताने दुरुस्त केले आणि आखणी पाठवताना ठळक अक्षरांत लिहिलं, 'रिलेला हात लावू नये.'

रिलेला कुणी हात लावलाच नाही. मुख्य कार्यालयात आखणी छपाईला जाण्याआधी सगळे भाग लायब्ररीतून आपोआप ताजे होतात, एवढंच. बाईंची दुरुस्ती पुसली गेली आणि चिठ्ठी कुणी वाचली नाही.

पाच आठवड्यांनी चारशे बोर्ड आले. मी पहिल्याला वीज दिली आणि भोंगा सुरू झाला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. सगळं ठीक असताना बोंबलत होते. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक बोर्ड उचलला, उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मुख्य कार्यालयातून विचारणा आली, 'उपाय काय?' तेव्हा मीच पटकन बोललो, "चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये उलटं करून टाका. ओढायचं तिथे सोडा, सोडायचं तिथे ओढा. एका दिवसाचं काम." वाटलं, बाईंची मान सोडवतोय. लोकांनी मला शाबासकी दिली. दुपारपर्यंत मंजुरीही आली.

बाईंना कळलं तेव्हा त्या माझ्या टेबलाशी आल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"आणि वीज गेली तर रिलेला ओढणार कोण?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. वीज गेली की फ्रिज तापणार, आणि नेमका तेव्हाच भोंगा गप्प बसणार. मी लगेच लिहून कळवलं, बाईंनी कळवलं, आमच्या साहेबांनीही कळवलं. उत्तर आलं, 'दवाखान्यात जनरेटर असतोच.' तोवर एकशेवीस बोर्ड नव्या प्रोग्रॅमसह रवानाही झाले होते.

दोन दिवस बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं.

"या. दोन दिवस भिंतीशी बोलतेय ती. माझ्याशी बोलली असती तर निदान उलट उत्तर तरी मिळालं असतं."

बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचे मिस्टर चहा करत होते. "मी म्हणतो, राजीनामा दे," ते मला म्हणाले. "आखणीच्या कोपऱ्यात हिचं नाव आहे. उद्या काही झालं तर कुणाला धरणार?"

"नावाचं जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मी गेले तर उरलेल्या दोनशे ऐंशींचं काय?"

मी म्हटलं, "बाई, प्रोग्रॅमची कल्पना माझी होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि कप माझ्या पुढ्यात सरकवला. त्या सरकवण्यात माफी होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले बोर्ड हाताने दुरुस्त करू द्या म्हणायला त्या साहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. "परवानगी मागितली तर नाही म्हणतील," ते म्हणाले, "म्हणून मागत नाही. मी पुढचे आठ दिवस चाचणी चालू आहे असं कळवतो. तेवढ्यात काय करायचं ते करा."

जोडकाम विभागातल्या सहा जणी आणि बाई ओळीने बसल्या. प्रत्येक बोर्डावर दोन रेघा चाकूने तोडायच्या आणि दोन बारीक तारा एकमेकींना ओलांडून जोडायच्या. मी मूळचा प्रोग्रॅम भरायचो आणि प्रत्येकाची वीज काढून भोंगा ऐकायचो. दोनशे ऐंशी वेळा. आम्हाला सगळ्यांना डोकेदुखी झाली, आणि जोडकामातली सगळ्यांत थोरली, जिला आम्ही आक्का म्हणायचो, ती म्हणाली, "इतकं कोकलणारं पोर मी पाहिलं नाही बाई, पण ऐकून बरं वाटतंय."

गेलेल्या एकशेवीसांचे पत्ते बाईंनी विक्री विभागाकडे मागितले. 'ग्राहकांची माहिती देता येत नाही.' पुन्हा मागितले. पुन्हा तेच. साहेबांनी मागितले, तर त्यांची बदली झाली. त्याच कारणाने झाली की नाही, देव जाणे. लायब्ररीतला तो ठसा मात्र चार महिन्यांनी कुणीतरी गुपचूप सुधारला. बाईंना कळवलं नाही. त्यांनी नेहमीसारखा कागद छापला तेव्हा त्यांना दिसलं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. बाई अजून कामावर आहेत. एखाद्या बोर्डाचं बटण तुटतं, स्क्रीन जाते, तेव्हा तो दुरुस्तीला आमच्याकडे येतो. आक्का त्याचा क्रमांक बघते, आणि तो त्या एकशेवीसांतला असला की हाक मारते. बाई हातातलं काम टाकून येतात, दोन रेघा तोडतात, दोन तारा जोडतात आणि मी मूळचा प्रोग्रॅम भरतो. आजवर सतरा आले. बाकीच्यांबद्दल आम्हाला काही कळलेलं नाही. कुठे काही झालं असतं तरी आम्हाला कुणी कळवलं असतं का, हेही माहीत नाही.

परवा बाईंनी मला सहज विचारलं, "त्या दवाखान्यांत जनरेटर खरंच असतात का हो?"

"असतात बहुतेक ठिकाणी," मी म्हटलं.

"बहुतेक," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.