ब्राह्मीआक्कांनी सोडलेलं मूळ

निपाणीजवळच्या खेड्यात ब्राह्मीआक्कांच्या स्वयंपाकघरात बटाट्याला प्रवेश नव्हता. कांदा, लसूण, गाजर ही मंडळीही उंबऱ्याबाहेरच. तरुणपणीच त्यांनी एका जैन साध्वी माताजींसमोर कंदमुळांचा जन्मभरासाठी त्याग केला होता. त्यांचे यजमान कलगोंडाआण्णा मात्र पारावर बसून सांगायचे, "आमच्या हिला बघून शेतातलं रताळं आणखी दोन बोटं खाली जातंय." ते ऐकून गाव हसे. आक्काही हसत, आणि मग दोन दिवस आण्णांशी बोलत नसत.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खुबा ठणकू लागला. रोज सकाळी मंदिरात मांडी घालून सामायिकाच्या ध्यानाला बसणारी बाई आता खाली बसताना भिंत धरू लागली. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "खुब्याच्या गोळ्याला रक्त कमी पडतंय. गोळा अजून शाबूत आहे. लवकर उपचार केला तर वाचेल अशी आशा आहे. उपचार काय ते सिस्टर समजावतील." आण्णा औषधं आणायला गेले आणि सिस्टर आक्कांना म्हणाली, "मूळपेशी सोडायच्या खुब्यात."

पुढे तिनं बरंच सांगितलं असणार. आक्का 'मूळ' या शब्दापाशीच थांबल्या होत्या.

"ऑपरेशन नको. गोळ्या पुरं," एवढंच त्या आण्णांना म्हणाल्या.

"सुईला भितीस व्हय गं?"

"व्हय. भितो."

आण्णांनी हेही पारावर सांगितलं.

आठ महिने गोळ्यांवर काढले. एका सकाळी मंदिरात आक्कांना उठताच येईना, दोघी बायकांनी धरून उभं केलं. पुन्हा बेळगाव, पुन्हा फोटो. गोळा चेपला होता.

"आता कृत्रिम सांधाच," डॉक्टर म्हणाले. "चालाल व्यवस्थित. खाली मांडी घालून मात्र बसायचं नाही. तेव्हा मूळपेशींना हो म्हणाला असतात तर निदान प्रयत्न करता आला असता. तुमच्याच कमरेच्या हाडातल्या मगजातून काढायच्या होत्या."

"माझ्याच?"

"तुमच्याच."

"जमिनीतलं कायबी न्हाय त्यात?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. आण्णांना कळला.

बाहेर बाकावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "मला इचारायचं तरी हुतंस गं."

"इचारलं असतं तर तुमी हसला असतासा. आन् सांजच्याला पारावर सगळ्यास्नी सांगितलं असतं."

आण्णांनी नाही म्हटलं नाही. धोतराच्या सोग्यानं त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"हसलो असतो," ते म्हणाले. "पर हसून झाल्यावर डॉक्टरला इचारलं असतं की गं."

आतून सिस्टरनं ऑपरेशनच्या कागदावर सहीसाठी हाक मारली. आक्कांनी उठायला आण्णांचा खांदा धरला.